सासूबाईंच्या वहीतले अर्क: कोणते ठेवू, कोणते टाकू?

वहीवाली_सहकारनगर
रविवार, रात्री 9.40

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण घरातल्या माणसांच्या तब्येतीचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई मार्गशीर्षात गेल्या. खोकला, पोटदुखी, गुडघे, भाजणं-कापणं, काहीही झालं तरी आमच्या घरात पहिलं औषध त्यांच्या हातचं असायचं. स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं फडताळ त्यांचं. आज त्यात अकरा बाटल्या, चार बरण्या आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही आहे. वहीत सत्तावीस औषधं लिहिलेली आहेत. अक्षर स्वच्छ आहे, पण मापं त्यांच्या हाताची. "अडुळसा दोन मुठी, पिंपळी चिमूटभर, ज्येष्ठमध बोटभर, ब्रँडी बुडेल इतकी." त्यांची मूठ लहान होती, बांगड्या दोन-दोनच्या मापाच्या लागायच्या. माझ्या दोन मुठी म्हणजे त्यांच्या तीन होतील.

ब्रँडी माझे मामेसासरे मिलिटरी कँटीनमधून आणून द्यायचे. तिच्यात पाला महिनाभर मुरवून, फडक्यातून गाळून त्या अर्क करायच्या. बाटलीवर चिकटपट्टी, त्यावर पेनाने "खोकला" किंवा "संधी" (म्हणजे सांधेदुखी). बऱ्याच बाटल्यांवर वर्षसुद्धा नाही.

त्या गेल्यावर हे सगळं आपण पुढे चालवायचं असं मी मनाशी धरलं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे बघून बघून मी लसूण-आलं-पिंपळीचा अर्क केला होता. या वर्षी सासऱ्यांना सर्दी झाली तेव्हा तो रोज सकाळ-संध्याकाळ एक चमचा द्यायला लागले. सासरे 81 वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि दर महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी असते. तो 2 ते 3 मध्ये राहायला हवा. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेचना. तपासलं तर 5.4. डॉक्टरांनी गोळी दोन दिवस बंद ठेवली आणि विचारलं, "घरचं काही चालू आहे का?" मी बाटली दाखवली. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले की हे मला आधी कळायला हवं होतं. त्या रात्री मी सासऱ्यांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते.

आता मुलगी बाळंतपणाला येते आहे, सातवा महिना चालू आहे. तिला कोरडा खोकला आहे आणि फोनवर सारखी म्हणते, "आजीचा अडुळसा काढून ठेव." वहीत बाळघुटीचं पानही आहे, वेखंड, मायफळ, मुरुडशेंग सगळं क्रमाने. आणि "जखमेसाठी झेंडू स्पिरिटमध्ये", "तापाला सापसंद", "गुळवेल रोज" अशी पानं आहेत.

माझा अर्कांवरचा विश्वास गेलेला नाही. सासूबाईंच्या हातचं निर्गुडीचं तेल मी स्वतः गुडघ्याला लावते आणि मला बरं वाटतं. पण त्यांचं जे डोक्यात होतं ते वहीत नाही, आणि ते मला कुणाकडून तरी शिकायचं आहे. या अकरा बाटल्यांपैकी काय ठेवू? पुढे करायचं तर माप कसं धरू? आणि मुलीला काय सांगू?


टेकडीवरचा_मास्तर
सोमवार, सकाळी 6.55

ताई, तुम्ही बाटली डॉक्टरांना दाखवलीत हे फार चांगलं केलंत. पुष्कळ लोक लपवतात.

मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, वैद्य नाही. त्यामुळे झाडापुरतं बोलतो.

आधी झेंडूचं. होमिओपॅथीच्या दुकानात जखमेवर लावायला जो कॅलेंडुलाचा अर्क मिळतो तो दसऱ्याला तोरण करतो त्या झेंडूचा नसतो. कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस हे वेगळं झाड, थंडीत नर्सरीत त्याच नावाने मिळतं, पानं साधी आणि जराशी चिकट. आपला झेंडू म्हणजे टॅजेटस, मूळचा मेक्सिकोचा, पानं पिसासारखी चिरलेली. इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्ड म्हणतात, तिथे घोटाळा होतो. सासूबाईंनी कुठेतरी वाचून लिहून घेतलं असणार. आणि स्पिरिट म्हणजे कोणतं? औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट असेल तर त्या बाटलीवर आत्ताच्या आत्ता लाल शाईने "पोटात घेऊ नये" असं लिहा, किंवा सरळ ओतून द्या. त्यात मिथाइल अल्कोहोल मिसळलेलं असू शकतं, ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. एकाच फडताळात पोटात घ्यायच्या आणि वरून लावायच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत.

सापसंद. हे पान वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. सापसंद किंवा ईश्वरी म्हणजे अॅरिस्टोलोकिया. या कुळातल्या झाडांत अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग करतं, हे आता जगभर पक्कं झालेलं आहे. थोडं घेतलं तर चालेल असं माप त्याला नाही. सापसंदाची बाटली असेल तर कुणालाही देऊ नका, झाडांच्या कुंडीतही ओतू नका.

आता माप. मूठ सोडा, वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. अर्काचं नेहमीचं प्रमाण सुक्या पाल्याला एकास पाच, म्हणजे 100 ग्रॅम सुका पाला असेल तर 500 मिलिलिटर द्रव. आपल्याकडच्या ब्रँडीत बहुधा 42.8 टक्के अल्कोहोल असतं, सुक्या पाल्याला तेवढं चालतं. ओला पाला घातला तर त्याच्यातलं पाणी सुटून अल्कोहोल पातळ होतं आणि बाटली बिघडण्याची शक्यता वाढते, म्हणून पाला सावलीत कुरकुरीत वाळवूनच घ्या. काचेची बाटली, अंधारी जागा, रोज एकदा हलवायचं, तीन-चार आठवड्यांनी गाळायचं. बाटलीवर झाडाचं नाव, कोणता भाग, कुठून आणला, वजन, कशात मुरवला आणि तारीख. ज्या बाटलीवर यातलं काहीच नाही ती मी तरी ठेवली नसती, कितीही मायेची असली तरी. (माझ्या आईने केलेल्या मुरंब्याची बरणी मीही ठेवली आहे, पण ती रिकामी करून.)

तुमच्या अडुळशाची ओळख कुणी पटवली आहे का? समोरासमोर लांबट टोकदार पानं, चुरगळली की उग्र वास, पांढरं फूल आणि त्यावर जांभळट रेघा. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून गावाकडे कुंपणाला लावतात. शंका असली तर फुलासकट फांदी कागदात दाबून आगरकर संशोधन संस्थेत किंवा कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात न्या. नुसत्या पानांवरून तिथले जाणकारही सहसा शिक्कामोर्तब करत नाहीत, फूल किंवा फळ हवं. आणि रस्त्याच्या कडेचा, नाल्याच्या काठचा पाला घेऊ नका. मुळा नदीच्या काठी निर्गुडी उत्तम वाढते, पण नदीत काय काय वाहतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तळजाई टेकडीवर तोडू नका, ती वनखात्याची जागा आहे. कुंडीत अडुळसा फांदीवरून सहज लागतो.


चिंचवडकर_74
सोमवार, दुपारी 1.20

"गुळवेल रोज" हे वाचलं म्हणून लिहितो आहे. ताई, हे पान कृपा करून बंद करा.

2021 च्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत सगळेच गुळवेलीचा काढा घेत होते. आईला थायरॉईडचा जुना त्रास, त्यात करोनाची भीती. मी स्वतः वेल आणून द्यायचो, ओळखीतल्या एका बंगल्याच्या कुंपणावरचा. चार महिने रोज अर्धा कप. मग तिला जेवण जाईना, डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी. आम्हाला वाटलं साधी कावीळ, गावठी औषध देऊ. नशीब, धाकट्या बहिणीने ऐकलं नाही आणि दवाखान्यात नेलं. यकृताचे आकडे नेहमीच्या वीसपट. सगळ्या विषाणूंच्या तपासण्या कोऱ्या आल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढा कोणता घेता?" काढा बंद केला, स्टेरॉईड चालू केले, सावरायला अडीच महिने गेले. आई आज ठीक आहे.

मग कळलं की त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे असे सहा रुग्ण नोंदवले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची प्रकृती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर सांगितलं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात घेतली गेली असेल. आमच्या आईच्या पोटात कोणती वेल गेली हे मला आता कधीच कळणार नाही, कारण कुंपण रंगवताना ती काढून टाकली. मी आणली होती ती वेल. हे मला रोज आठवतं.


टेकडीवरचा_मास्तर
सोमवार, दुपारी 3.05

चिंचवडकर, तुम्ही आईसाठीच आणली होतीत.

इतरांच्या उपयोगाचं म्हणून सांगतो. खऱ्या गुळवेलीचं खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवं असतं, पानं हृदयाच्या आकाराची आणि गुळगुळीत. पानाला खालून लव असेल तर ती दुसरी जात. खोडावर चामखिळीसारखे भरपूर फोड असतील तर तिसरी. मात्र झाड बरोबर असलं म्हणजे प्रत्येक माणसाला चालेल असं होत नाही. थायरॉईड, संधिवात, सोरायसिस, आधीचा यकृताचा त्रास असलेल्यांनी गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये.


वैद्य_रास्तापेठ
सोमवार, रात्री 10.15

ताई, मी आयुर्वेदाची वैद्य आहे, चौदा वर्षं चिकित्सा करते. तुमच्या मुलीपासून सुरुवात करते कारण ती वाट बघते आहे.

गर्भारपणात अडुळसा नको. अडुळशातलं व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं. याच व्हॅसिसिनवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफाचं ॲलोपॅथीचं औषध तयार झालं, म्हणजे झाड गुणाचं आहे यात शंका नाही, पण वेळ चुकीची आहे. शिवाय तो ब्रँडीतला अर्क, गर्भारपणात अल्कोहोल थेंबभरही नको. ज्येष्ठमधसुद्धा या दिवसांत टाळा, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. तिला कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, वाफ, झोपताना उशी उंच आणि चमचाभर मध द्या. आठवड्यात खोकला गेला नाही किंवा ताप, धाप असेल तर तिच्या डॉक्टरांकडे. आजीचा अडुळसा हवा असा तिचा हट्ट का आहे हे मी समजू शकते. तिला सांगा, आजी असती तर तिनेही या महिन्यात दिला नसता.

बाळघुटी. मी स्वतः माझ्या मुलाला दिली नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वेखंडात बीटा-ॲसारोन असतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला आहे, आणि अमेरिकेत 1968 पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. सहाणेवरच्या पाण्यातून जंतू जातात ते वेगळंच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको.

सासऱ्यांचं जे झालं त्याची यंत्रणा समजून घ्या, म्हणजे नुसती धास्ती उरणार नाही. लसूण रक्त गोठण्याला अडथळा करते. पिंपळीतलं पायपरिन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून तर आम्ही अनुपानात, म्हणजे औषधासोबत, पिंपळी वापरतो. भाजीतल्या दोन पाकळ्यांनी काही होत नाही. अर्क मात्र एकवटलेला असतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ पोटात जातो. रक्त पातळ करणारी, फिट्सची, हृदयाची, मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्या कुणालाही अर्क द्यायच्या आधी गोळी लिहून देणाऱ्याला विचारायचं.

आयुर्वेदात ब्रँडीत मुरवायची पद्धत मुळात नाही. आमच्याकडे आसव आणि अरिष्ट. न उकळता केलं तर आसव, काढा करून केलं तर अरिष्ट. गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलं की त्यातच थोडं अल्कोहोल तयार होतं आणि तेच औषध टिकवतं. पण हे घरी करू नका, भांडं नीट आंबलं की सडलं हे ओळखायला सराव लागतो. घरी काढा करा. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथाई उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं, त्याच दिवशी संपवायचं. दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचा.

निर्गुडीचं तेल मात्र खुशाल करा. एक भाग पाल्याचा गोळा, चार भाग तिळाचं तेल, सोळा भाग निर्गुडीचा काढा, पाणी पूर्ण उडून तेलाला फेस येईपर्यंत. बाहेरून लावायचं आहे, जखमेवर नाही.


सासवडची_माई
मंगळवार, सकाळी 8.30

सगळं वाचलं. बरोबर असेल. पण मला रडू आलं. आमच्या आजीने आठ नातवंडं ओव्याच्या शेकावर आणि बाळघुटीवर वाढवली. आता हे नको, ते नको, मग आपल्या बायकांच्या हातात उरलं काय? ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकणं, हळद-दूध, गवती चहा, पोटाला हिंगाचा लेप, पानओव्याची भजी, हे तरी राहू द्या. दवाखान्यात माणसाला कुणी मांडीवर घेऊन शेकत नाही.


वैद्य_रास्तापेठ
मंगळवार, सकाळी 9.10

माई, यातलं एकही मी काढलेलं नाही. शेक, लेप, गवती चहा, सगळं राहू द्या, फक्त पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघा, बाळाची कातडी भाजते. मी काढते आहे ते एकवटलेलं आणि रोजचं. आणि आठ नातवंडं वाढली ती मांडीवर वाढली हेही खरं आहे.


वहीवाली_सहकारनगर
गुरुवार, रात्री 11.00

सगळ्यांचे मनापासून आभार. चिंचवडकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

काल आणि आज दोन दिवस वही घेऊन बसले. वहीत काही नावांपुढे बारीक फुल्या आहेत. मला वाटायचं, ते सामान संपलं, आणायचं आहे अशी खूण असेल. काल सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीला, आमच्या आत्यांना, फोन केला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "वहिनी फुली करायची म्हणजे हे पुन्हा द्यायचं नाही." बिब्ब्यापुढे फुली आहे. शेजारच्या मुलाच्या टाचेला बिब्बा लावला होता, पायभर फोड आले, वहिनींनी आठवडाभर त्याच्या पायाला खोबरेल लावलं आणि मग वहीत फुली मारली. धोतऱ्यापुढेही फुली आहे. ती दम्याच्या एका बाईमुळे, इतकंच आत्यांना आठवतं. सापसंदापुढे फुली नाही. ती मी आज मारली, त्यांच्याच निळ्या पेनाने.

म्हणजे त्या देत होत्या तशा थांबतही होत्या, आणि मला दिसत होतं ते फक्त देणं. मी बाजूला उभी राहून पाला किती घेतला ते बघायचे, पण कुणाला नाही म्हणाल्या ते कधी बघितलंच नाही. सासरे म्हणाले, "ती आधी जीभ बघायची, मग गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारायची. मला त्या गोळीनंतर तिने कधी अर्क दिला का? आठव." आठवून बघितलं. 2017 साली गोळी सुरू झाली. तेव्हापासून त्यांना खोकला आला की त्या साधं आलं-गवती चहा द्यायच्या. मी मात्र तीन आठवडे अर्क दिला.

अकरांपैकी आठ बाटल्या रिकाम्या केल्या. एकीवर "अडुळसा, कुंडीतला, माघ" असं लिहिलं होतं, पण वर्ष नव्हतं, तीही गेली. झेंडूची स्पिरिटची ओतली. उरल्या तीन, तिन्ही तेलं, बाहेरून लावायची. ती खालच्या कपाटात वेगळी ठेवली. काटा मागवला आहे. गंमत म्हणून नाही, खरंच कळावं म्हणून त्यांची बांगडी बसते अशा माझ्या भाचीला मूठभर सुका अडुळसा धरायला लावला. पहिल्यांदा 6 ग्रॅम भरला, दुसऱ्यांदा 9. तेव्हा त्यांची मूठसुद्धा रोज एक नसणार.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. आधी गप्प झाली, मग म्हणाली, "आजीने नाही म्हटलं असतं का ग खरंच?" मी फुल्यांचं सांगितलं. ती शनिवारच्या गाडीने येते आहे. मध, वाफेचं भांडं आणि उंच उशी काढून ठेवली आहे.

मास्तर, गॅलरीतल्या अडुळशाला कळ्या आल्या आहेत. फुलला की फांदी दाबून ठेवते आणि आगरकरला नेते. बाळ वर्षाचं होईपर्यंत अर्क करायचा नाही असं ठरवलं आहे, पण झाड कोणतं ते तरी तोवर पक्कं होईल.